मिसळलेले की मुळातले? अजिनोमोटोचा वाद आणि मोहालीची प्रयोगशाळा

चंदीगडच्या सेक्टर 39 मध्ये सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आहे. 1984 साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या संग्रहात देशभरातील संशोधकांसाठी जिवाणू, बुरशी आणि यीस्ट यांचे हजारो वाण जतन केले जातात. त्यांपैकी 2745 या क्रमांकाचा वाण कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम या जिवाणूचा आहे. साखरेवर वाढताना हा जिवाणू ग्लुटामिक आम्ल बाहेर टाकतो. त्या आम्लाचे सोडियम क्षार म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. चायनीजच्या गाडीवरील भाषेत अजिनोमोटो. याच पदार्थावरून उठलेल्या वादळाचा एक निकाल 2015 साली चंदीगडला लागूनच असलेल्या मोहालीतील एका प्रयोगशाळेतून आला. मात्र त्या प्रयोगशाळेला जे विचारले गेले, ते या पदार्थाविषयी नव्हतेच.

ग्लुटामिक आम्ल 1866 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल रिटहाउझेन यांनी गव्हाच्या प्रथिनातून वेगळे केले. त्याच्या चवीचा शोध लागायला आणखी चार दशके जावी लागली. टोकियो विद्यापीठातील प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्रशेवाळाच्या रश्शातील रुचीचे मूळ 1908 साली ग्लुटामेटमध्ये शोधले आणि त्या चवीला ‘उमामी’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी हा पदार्थ ‘अजिनोमोटो’ या व्यापारी नावाने बाजारात आला. अजिनोमोटो म्हणजे चवीचे मूळ. प्रारंभी तो गव्हाच्या प्रथिनाचे आम्लाने विघटन करून काढला जाई. 1956 च्या सुमारास जपानमध्ये शुकुओ किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वर सांगितलेला जिवाणू सापडला, आणि ही निर्मिती किण्वनाकडे वळली. आज जगात जे अजिनोमोटो तयार होते, ते दही किंवा व्हिनेगर यांच्याच जातकुळीतील आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

या पदार्थाची बदनामी एका पत्रातून सुरू झाली. 1968 साली अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट हो मान क्वॉक यांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला लिहिले की, चिनी उपाहारगृहात जेवल्यावर आपल्याला मानेत बधिरता, अशक्तपणा आणि धडधड जाणवते. त्यांनी सोया सॉस, स्वयंपाकातील मद्य, मीठ अशी अनेक संभाव्य कारणे सुचवली होती. अजिनोमोटो हे त्यांतील एक. लोकांच्या स्मरणात मात्र तेवढेच राहिले. 1969 साली जॉन ओल्नी यांनी नवजात उंदरांना ग्लुटामेटची मोठी मात्रा त्वचेखाली टोचली, तेव्हा त्यांच्या मेंदूला इजा झाल्याचे आढळले. टोचणे आणि खाणे यांतील अंतर या चर्चेत हरवून गेले. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने 1987 साली ग्लुटामेटसाठी दैनंदिन मर्यादा ठरविण्याची गरज नसल्याचे मत दिले. 2000 साली, आपल्याला त्रास होतो असे सांगणाऱ्या 130 जणांना अमेरिकेत आळीपाळीने अजिनोमोटो आणि निष्प्रभ पदार्थ देण्यात आला. लक्षणे सातत्याने पुन्हा दिसली नाहीत. तरीही युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2017 मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 30 मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली. म्हणजे शास्त्रज्ञांतही पूर्ण एकवाक्यता नाही. मात्र वाद मात्रेचा आहे, विषाचा नव्हे.

भारतात या वादाला निराळेच वळण लागले. मार्च 2014 मध्ये उत्तर प्रदेशातील बाराबंकी येथे एका अन्न निरीक्षकाने मॅगी नूडल्सचे पाकीट तपासणीसाठी घेतले. पाकिटावर ‘अजिनोमोटो मिसळलेले नाही’ अशा आशयाचा मजकूर होता. तपासणीत ग्लुटामेट आढळले. पुढे कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेने त्यात दहा लाख भागांत 17.2 भाग शिसेही असल्याचे कळवले. मर्यादा होती 2.5 भाग. 5 जून 2015 रोजी राष्ट्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ही नूडल्स बाजारातून मागे घेण्याचा आदेश दिला. हजारो टन माल सिमेंटच्या भट्ट्यांत जाळला गेला.

कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. 13 ऑगस्ट 2015 रोजी न्या. वि. मो. कानडे आणि न्या. बर्जिस कुलाबावाला यांच्या खंडपीठाने बंदी रद्द केली. कंपनीचे म्हणणे ऐकून घेतले गेले नाही आणि तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांना आवश्यक मान्यता नव्हती, ही त्यामागची मुख्य कारणे. नव्या तपासणीसाठी तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळा नेमण्यात आल्या: हैदराबाद, जयपूर आणि मोहाली येथील पंजाब बायोटेक्नॉलॉजी इन्क्युबेटर. त्यांना तपासायचे होते ते शिसे. ऑक्टोबरमध्ये तिन्ही ठिकाणचे अहवाल मर्यादेच्या आत आले आणि नोव्हेंबरमध्ये नूडल्स पुन्हा दुकानात दिसू लागली.

ग्लुटामेटचा प्रश्न न्यायालयात आला तो पाकिटावरील मजकुरापुरता, आणि तो मजकूर काढून टाकण्याची तयारी कंपनीने दाखवलेली होती. कंपनीचा दावा असा की, ग्लुटामेट शेंगदाण्याच्या विघटित प्रथिनातून, कांद्याच्या भुकटीतून व गव्हाच्या पिठातून आले. हा दावा प्रयोगशाळेत खोडून काढता येण्यासारखा नव्हता आणि सिद्ध करता येण्यासारखाही नव्हता. टोमॅटोतील, मुरलेल्या चीजमधील, आईच्या दुधातील आणि डब्यातून चमच्याने घातलेले ग्लुटामेट हा एकच रेणू. यंत्र त्याचे प्रमाण सांगते, तो भांड्यात कसा आला हे सांगत नाही. तरीही ज्यात ग्लुटामेट आहे हे ठाऊक असताना ‘मिसळलेले नाही’ असे ठळकपणे छापणे ग्राहकाची दिशाभूल करणारे होते, हे नाकारता येणार नाही.

31 मार्च 2016 रोजी प्राधिकरणाने आदेश काढून ही अडचण मान्य केली. मिसळलेले आणि मुळातले ग्लुटामेट वेगळे ओळखण्याची पद्धत उपलब्ध नाही; म्हणून नूडल्स व पास्ता यांच्या बाबतीत केवळ तपासणीत ते आढळले एवढ्यावरून कारवाई करू नये. ते मुद्दाम घातले गेले का, हे कारखान्याची पाहणी करूनच ठरवावे. ज्या प्रश्नाचे उत्तर परीक्षानळीत नव्हते, ते शोधण्यासाठी निरीक्षकाला आता कारखान्यातील गोणी आणि खरेदीच्या वह्या उघडाव्या लागणार होत्या.