दिपोटी येण्याचा आठवडा

जुन्या पिढीच्या तोंडी ‘दिपोटी’ हा शब्द हमखास असे. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे सरकारी अधिकारी. ते येणार म्हटले की प्राथमिक शाळेच्या हेडमास्तरांना आठवडाभर जेवणाखाण्याची शुद्ध राहत नसे.

याला कारण पैशाचे होते. इंग्लंडात १८६२ साली निकाल पाहून अनुदान देण्याची पद्धत आली आणि थोड्याच वर्षांत मुंबई इलाख्यातल्या खासगी शाळांनाही ती लागू झाली. मूल वाचन, लेखन, गणितात उतरले की शाळेला ठरलेली रक्कम मिळे. नापास झाले किंवा आलेच नाही तर ती बुडे. म्हणून त्या आठवड्यात हेडमास्तर हजेरीपट जुळवीत, कच्च्या मुलांची उजळणी घेत आणि गैरहजर मुलांच्या घरी हेलपाटे घालीत. मूल तापाने फणफणले असले तरी रक्कम जायचीच! जन्मभर रुग्णसेवा केलेल्या मला हे फार निष्ठुर वाटते.

याच काळात, १८७५ साली, हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. हिंदुस्थान सरकारने १९०४ च्या ठरावात निकालावरच्या अनुदानाला नापसंती दर्शवली. त्यामुळे १९२२ मध्ये रिबेका रूबेन मुख्याध्यापिका झाल्या तेव्हा ते दिवस मागे पडले होते.

वाचकहो, नातवंडांचे गुण पाहताना एवढे ध्यानात ठेवावे: गुणांवर पैसा टांगला की गुरुजींची नजर मुलावरून हजेरीपटाकडे वळते.