कूल जॅझ

कूल जॅझ : जॅझ संगीतातील एक संयत व मृदुनादी शैली. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्क येथे तिचा उगम झाला आणि १९५०–६० या दशकात ती विशेषतः अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बहरली. ‘कूल’ या शब्दाने भावनाशून्यता सूचित होत नाही. अभिप्रेत आहे तो आवेगावरील ताबा. तत्पूर्वीच्या ‘बीबॉप’ शैलीत अतिद्रुत लय, खंडित स्वरवाक्ये आणि वादकाचे वैयक्तिक कौशल्य यांना प्राधान्य होते. कूल शैलीत स्वराचा कंप कमी झाला, मध्य सप्तकातील मवाळ नाद आवडू लागला आणि उत्स्फूर्त वादनाला आगाऊ लिहिलेल्या रचनेची चौकट लाभली. टेनर सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग याचे हलके, निःश्वासासारखे वादन हा या शैलीचा एक मूलस्रोत. क्लॉड थॉर्नहिल याच्या वाद्यवृंदातील फ्रेंच हॉर्न व ट्यूबा यांचा संथ, दाट नाद हा दुसरा.

थॉर्नहिलचा रचनाकार गिल एव्हान्स याच्याभोवती जमलेल्या तरुणांतून नऊ वादकांचा एक वृंद तयार झाला. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस त्याचा प्रमुख होता. सप्टेंबर १९४८ मध्ये ‘रॉयल रूस्ट’ या क्लबात तो अल्पकाळ वाजला. श्रोत्यांचा प्रतिसाद बेताचाच होता. १९४९ व १९५० मध्ये तीन बैठकींत कॅपिटॉल कंपनीसाठी त्याचे ध्वनिमुद्रण झाले आणि वृंद विखुरला. या मुद्रणांचे संकलन बर्थ ऑफ द कूल या नावाने १९५७ मध्ये निघाले, तेव्हा कोठे त्यांचे महत्त्व सर्वमान्य झाले. वृंदातील बॅरिटोन सॅक्सोफोनवादक गेरी मलिगन (१९२७–९६) याने त्यातील अनेक रचना बांधल्या होत्या. १९५२ मध्ये लॉस अँजेल्स येथे त्याने ट्रंपेटवादक चेट बेकरसह पियानोविरहित चौकडी उभी केली. पियानोचा स्वरसंवाद वगळल्यामुळे दोन सुषिर वाद्यांच्या परस्परांत गुंतलेल्या स्वररेषा स्पष्ट ऐकू येऊ लागल्या. चार दशकांनंतर, १९९२ मध्ये, मलिगनने नऊ वादकांच्या त्या रचना री-बर्थ ऑफ द कूल या ध्वनिमुद्रिकेत नव्याने सादर केल्या. मूळ वृंदातील पियानोवादक जॉन लुइस व ट्यूबावादक बिल बार्बर तिच्यात होते; डेव्हिस १९९१ मध्ये निवर्तला होता, त्याच्या जागी वॉलेस रोनी होता. नव्या मुद्रणात वादन अधिक सफाईदार आहे. मूळ मुद्रणातील चाचपडत नवे शोधण्याची उत्कंठा मात्र त्यात तितकीशी नाही. असा पुनर्विचार शक्य झाला याचे कारण मूळ मुद्रणे जपली गेली होती, आणि मुंबईच्या जॅझचा विचार करताना हाच मुद्दा कळीचा ठरतो.

मुंबईत जॅझ आला तो हॉटेलांतील नृत्यसंगीताच्या वाटेने. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णी अमेरिकन व्हायोलिनवादकाचा वृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. त्यानंतर ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफर्ड हे तेथे आले. स्वदेशात वर्णभेद सोसणाऱ्या या कलावंतांना मुंबईत मान व वेतन दोन्ही मिळाले. त्यांच्याजवळ बसून शिकणाऱ्यांत गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचा भरणा मोठा होता. पोर्तुगीज अंमलातील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. गावात पोट भरण्याइतके काम नसे. म्हणून हे तरुण मुंबईस येत आणि धोबीतलाव परिसरातील आपापल्या गावच्या ‘कुडां’त राहत. लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजविण्याची हातोटी त्यांच्यापाशी होती. जॅझमधील न लिहिलेला भाग त्यांनी परदेशी वादकांकडून व ध्वनिमुद्रिकांवरून कानाने उचलला. हळदोणे येथील ट्रंपेटवादक आंतोनियो शाव्हियेर व्हाझ ऊर्फ चिक चॉकलेट (१९१६–६७) हा त्यांतील सर्वांत नामांकित. सॅक्सोफोनवादकांत रूडी कॉटन या टोपणनावाने वाजविणारा पारशी कलावंत कावसजी खटाव अग्रगण्य होता.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमानंतर हॉटेलांतील रात्री ओसरल्या. चर्चगेट परिसरातील उपाहारगृहांतून वाद्यवृंद वाजत राहिले, तरी अनेक वादकांचा मुख्य आधार चित्रपटांची ध्वनिमुद्रणगृहे हाच झाला. संगीतकार पेटीवर चाल सांगे आणि वीस-तीस वाद्यांचे भाग स्वरलेखनात उतरविण्याचे काम सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांसारखे गोमंतकीय रचनाकार करीत. पुणतांबे येथे जन्मलेले सी. रामचंद्र (१९१८–८२) यांनी चिक चॉकलेटला साहाय्यक म्हणून घेतले; भगवान पालव यांच्या अलबेला (१९५१) या चित्रपटात त्याचा वृंद पडद्यावरही दिसतो. अशा गीतांतील नाचरा, झगमगीत जॅझ सर्वपरिचित झाला. या वादकांची नावे मात्र बहुधा श्रेयनामावलीत आली नाहीत. संगीतकाराचे नाव ध्वनिमुद्रिकेवर छापले जाई, मधल्या तुकड्यातला सॅक्सोफोन कोणी वाजविला हे केवळ सहकाऱ्यांना ठाऊक असे. हा अन्याय तपशिलाचा नव्हे. त्यामुळे एका संपूर्ण पिढीच्या कलेचा हिशोब अपुरा राहिला.

कूल शैलीचे प्रत्यक्ष दर्शन मुंबईस घडले ते १९५८ मध्ये. अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या वतीने डेव्ह ब्रूबेकची चौकडी भारतात आली. तिच्यातील आल्टो सॅक्सोफोनवादक पॉल डेझ्मंड (१९२४–७७) याचा कोरडा, पारदर्शक स्वर म्हणजे या शैलीचा उत्तम नमुना होय. मुंबईत ब्रूबेकची सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याशी भेट व सहवादन झाले. डेझ्मंडच्या ‘टेक फाइव्ह’ (१९५९) या पाच मात्रांच्या रचनेचा संबंध पुष्कळदा भारतीय तालांशी जोडला जातो. परंतु तिच्यात ३+२ अशा आघातांचे आवर्तन सरळ पुन्हा येत राहते, समेकडे परतण्याची ओढ आणि खाली-भरीचा भेद तिच्यात नाही. साम्य दाखवावयाचेच तर ते वेगळ्या ठिकाणी आहे : पेटाऱ्यातील सर्व काही एकदम न उधळता मोजक्या स्वरांत राग उभा करणारा ख्यालगायक आणि डेझ्मंड यांच्या वृत्तीत काही सारखेपणा जाणवतो. रविशंकर यांच्या १९६२ च्या इम्प्रोव्हायझेशन्स या ध्वनिमुद्रिकेत पश्चिम किनाऱ्यावरील कूल वादक बड शँक याने बासरी वाजविली. ती काढणाऱ्या रिचर्ड बॉक याच्याच कंपनीने दहा वर्षांपूर्वी मलिगनच्या चौकडीचे ध्वनिमुद्रण केले होते.

गोमंतकीय सॅक्सोफोनवादकांत ब्राझ गोन्साल्विस याचे स्थान वेगळे आहे. चिक चॉकलेटच्या कन्येशी त्याचा विवाह झाला. कलकत्त्याच्या ‘ब्लू फॉक्स’मध्ये पियानोवादक लुई बँक्स यांच्यासमवेत तो दीर्घकाळ वाजला. सात जणांच्या वृंदासह त्याने १९७० मध्ये रागा रॉक ही ध्वनिमुद्रिका काढली. त्याचा ओढा जॉन कोल्ट्रेनच्या प्रखर, शोधक वादनाकडे होता, कूलच्या शांततेकडे नव्हे. मुंबईच्या बहुतेक वादकांबाबत हेच म्हणता येईल. नृत्यगृहातील गर्दीपुढे वाजविणाऱ्याला हलका स्वर परवडत नव्हता, आणि चित्रपटातील सॅक्सोफोन तर मद्यगृह किंवा विरह यांची खूण बनला होता. पुढे बँक्स, ब्राझ व कर्नाटक पद्धतीच्या गायिका रमामणी यांनी मिळून इंडो-जॅझ वृंद उभारला. त्यात रागाचे स्वर आणि जॅझचा स्वरसंवाद एकत्र आणण्याचा गंभीर प्रयत्न होता.

निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. पहिल्या यात्रेत सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स आला. १९८० च्या यात्रेत कूल शैलीचा प्रमुख टेनरवादक स्टॅन गेट्स वाजला. त्याच वर्षी दक्षिण कन्नडमधील कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी जॉन हँडीबरोबर सहवादन केले. सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजविणारे म्हणून त्यांची कीर्ती त्यानंतर सर्वदूर पसरली. यात्रेचे स्थळ रंगभवन हे खुले नाट्यगृह जुन्या कुडांपासून हाकेच्या अंतरावर होते. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तेथील संगीतसभा पुढे बंद पडल्या.

मुंबईतील वृंदांच्या ७८ गतीच्या काही तबकड्या आणि चित्रपटगीते एवढीच त्या काळाची ऐकता येणारी शिल्लक आहे. रात्र-रात्र चाललेले उत्स्फूर्त वादन ध्वनिमुद्रित न होताच विरले. नरेश फर्नांडिस यांनी ताजमहाल फॉक्सट्रॉट (२०१२) या ग्रंथात वादकांच्या आठवणी, छायाचित्रे व जुनी मुद्रणे एकत्र आणली आणि अनेक विस्मृत नावांना त्यामुळे प्रथमच छापील नोंद मिळाली.