शाश्वत विकास : डिचोली आणि पेडणे

‘शाश्वत विकास’ ही कल्पना १९८७ च्या ब्रुंटलंड अहवालाने जगभर रूढ केली. १९९६ साली तामिळनाडूतील कातडी कमावण्याच्या कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला भारतीय कायद्यात स्थान दिले. तिची कसोटी मात्र गोमंतकातील दोन शेजारी तालुक्यांत लागली, असे आम्ही समजतो.

डिचोलीतील लोहखाणी पोर्तुगीज अमदानीतील सवलतींवर चालत. १९८७ च्या कायद्याने त्या सवलतींचे खाणपट्टे झाले. गोव्यातील खाणींसंबंधी २१ एप्रिल २०१४ रोजी निर्णय देताना न्यायालयाने उत्खननास तूर्त वार्षिक दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि खनिजाच्या विक्रीमूल्याचा दहावा हिस्सा भावी पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्यास सांगितले.

पेडण्यात प्रश्न निराळा होता. मोपा विमानतळाच्या अर्जात वृक्षतोडीसारखी महत्त्वाची माहिती दडली होती. म्हणून २९ मार्च २०१९ रोजी पर्यावरणीय मंजुरी स्थगित झाली. फेरविचारानंतर, १६ जानेवारी २०२० रोजी, जादा अटींसह स्थगिती उठली. डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले.

डिचोलीच्या प्रकरणाने उपभोगास मर्यादा घातली. पेडण्याच्या प्रकरणाने निर्णयापूर्वीचे सत्यकथन आवश्यक ठरविले. पैकी दुसरे तत्त्व आम्हांस अधिक मोलाचे वाटते. कारण सड्यावरील झाड एकदा पडले, की नंतरची कोणतीही अट ते पुन्हा उभे करू शकत नाही.