इगतपुरी
इगतपुरी : नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, नगरपरिषद असलेले गाव. सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मी. उंचीवर, नाशिकच्या नैर्ऋत्येस सुमारे 45 किमी. मध्य रेल्वेने मुंबईपासून अंतर 136 किमी. पाऊस 3,000 मिमीच्या पुढे. तालुक्याचे मुख्य पीक भात. दारणा, मुकणे, भावली, वैतरणा ही धरणे याच तालुक्यात. कळसूबाईचा डोंगर (1,646 मी.) तालुक्याच्या सीमेवर.

या गावाचे आजचे रूप रेल्वेने घडवले. थळ घाटाच्या दोन्ही बाजूंना रूळ 1861 मध्येच पोहोचले होते. मधला घाट बोगदे आणि दऱ्यांवरचे पूल बांधून पार करायला आणखी चार वर्षे लागली आणि 1 जानेवारी 1865 रोजी कसारा–इगतपुरी मार्ग सुरू झाला. घाटाचा चढ 37 फुटांना 1 फूट इतका उभा. त्यामुळे मुंबईहून येणाऱ्या गाडीला कसाऱ्यात मागून ‘बँकर’ इंजिने लागतात, तर मुंबईकडे उतरणारी प्रत्येक गाडी ब्रेक तपासणीसाठी इगतपुरीला थांबते. पुढे विजेवरच्या गाड्या आल्या तेव्हा मुंबईकडची डीसी आणि भुसावळकडची एसी वीज इथेच एकमेकींना भेटत, म्हणून इंजिनही इथेच बदलावे लागे. आता ती सीमा उरली नाही. पण लोको शेड, रनिंग रूम, रेल्वे क्वार्टर्स आणि फलाटावरचा गरम वडापाव ही सारी त्या सक्तीच्या थांब्याची देणगी आहे. गावातल्या कित्येक घरांत दोन-दोन, तीन-तीन पिढ्या रेल्वेत नोकरीला गेल्या.

इगतपुरी आता अप-डाऊन करणाऱ्यांचे गाव झाले आहे का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याला आधार आहे. 1 नोव्हेंबर 1975 रोजी सुरू झालेल्या मनमाड–मुंबई पंचवटी एक्स्प्रेसने नाशिक जिल्ह्यातील पासधारकांना मुंबईतली नोकरी आणि घरचा मुक्काम, दोन्ही सांभाळण्याची सोय करून दिली. सकाळी पंचवटी इगतपुरीला लागते तेव्हा डब्यात मनमाड, निफाड, नाशिकरोड, देवळालीची माणसे आधीच बसलेली असतात. इगतपुरीचा पासधारक त्यांच्यात शिरून उभे राहायला जागा शोधतो. घाट उतरून, कल्याण मागे टाकून मुंबई गाठायला त्याला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो आणि संध्याकाळी पुन्हा तेवढाच. हे कष्ट सोसणारी माणसे आहेत आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष होणे अन्यायाचे आहे. तरीही त्यांच्यामुळे गावाचा स्वभाव बदलला, असे म्हणता येत नाही. मुंबईची लोकल कसाऱ्यालाच संपते, आणि घाटाचा हा अडसर जोवर आहे तोवर बदलापूर किंवा टिटवाळ्यासारखी वाढ इथे होणे अवघड आहे.

रोजची खरी वर्दळ उलट्या दिशेला आहे. महामार्गावरच्या वाडीवऱ्हे–गोंदे पट्ट्यातील कारखान्यांकडे, घोटीच्या तांदूळ बाजाराकडे आणि नाशिकच्या महाविद्यालयांकडे लोक मेमू, एसटी आणि वडाप जीपने जातात. यातले बहुतेक प्रवास तालुक्यातल्या तालुक्यात संपतात. शिवाय रेल्वे, तालुका कचेरी, कोर्ट आणि महिंद्राचा इंजिन कारखाना यांमुळे गावात बाहेरून कामाला येणारेही पुष्कळ. विपश्यनेचे धम्मगिरी केंद्र (1976 पासून) देशोदेशीच्या साधकांना इथे आणते, तेही राहायला.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा 76 किमीचा अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि त्यातल्या सुमारे 8 किमीच्या बोगद्याने घाटच टाळला. त्याचा लाभ मोटार असणाऱ्याला. डोंगरउतारावरचे बंगले आणि रिसॉर्ट मुंबईकरांच्या शनिवार-रविवारसाठी उभे राहत आहेत. तिथून कुणी रोज कचेरीला जात नाही. जमिनीचे भाव मात्र त्यामुळे वाढतात, आणि भातखाचरे विकणाऱ्या महादेव कोळी व ठाकर कुटुंबांना त्याच गावात पुन्हा जमीन घेणे कठीण होते. गावाने खरी काळजी या बदलाची करायला हवी.

तेव्हा इगतपुरीची नोंद आजही रेल्वेचे आणि तालुक्याचे गाव अशीच करावी लागते. अप-डाऊन करणारा वर्ग इथे आहे, पण गाव त्याच्यावर चालत नाही. त्या वर्गाची जुनी मागणी आहे ती कसाऱ्याची लोकल घाट चढून वर आणण्याची, आणि ती अजून पूर्ण झालेली नाही.