जन्माने गुन्हेगार

धम्मबांधवहो, तुरुंगातले पारधी कैदी फार चिडके असतात, असे आपल्यातलेही काही जण सहज बोलून जातात. ही चीड आली कुठून, ते आपण पाहिले पाहिजे.

1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, भामटे यांचे मूल पाळण्यातच गुन्हेगार ठरले. पासाशिवाय गाव सोडायचे नाही, हजेरी चुकली की शिक्षा. आईबापांपासून पोरे तोडायचीसुद्धा कायद्यात सोय! सोलापूरच्या सेटलमेंटला काटेरी तारेचे कुंपण होते. माणसे गिरणीत राबायची आणि पुन्हा तारेच्या आत.

ही हजेरी आपल्या वाडवडिलांनाही चुकली नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 साली करवीर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. फासेपारध्यांना तर नोकरीत घेतले. लोक ज्यांना चोर म्हणत, त्यांनाच राखणीला ठेवले. (आपले कुरुंदवाड तेव्हा पटवर्धनांचे, वेगळे संस्थान. करवीरचा हुकूम इथे चालत नव्हता.)

31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभरातून गेला, जमाती विमुक्त झाल्या. पण 1959 साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आलाच. चोरी कुठेही होवो, पोलीस आधी पारध्याच्या पालावर. आज बाप नेला, उद्या थोरला भाऊ. हे बघत वाढलेले पोर आत गेल्यावर शांत कसे बसेल?

अंगुलिमाल भिक्खू झाला, तरी श्रावस्तीत भिक्षेला गेला की त्याच्यावर दगड पडायचे. डोके फुटलेले, पात्र फुटलेले, असा तो तथागतांपुढे आला. तथागत म्हणाले, सोस. हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. अंगुलिमालाने खून केले होते. पारध्याच्या पोराला ‘सोस’ म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचे? त्याने केले काय?

27 मे 2007 रोजी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘उपरा’कार लक्ष्मण माने यांच्या पुढाकाराने भटक्या-विमुक्तांपैकी हजारोंनी धम्म स्वीकारला. ही माणसे आता आपलीच आहेत, पण आपल्या विहारांत ती किती दिसतात?

3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगात जात बघून कामे वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवले. विमुक्तांना जन्मजात सराईत धरणेही चालणार नाही, असे सांगितले. कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायचा हुकूम झाला. 1871 पासून मोजली तर त्याला 153 वर्षे लागली.