आम्ही आलो आणि ते हरू लागले

२०२५ च्या ३ जूनला रात्री बेंगळुरूहून मुलाचा फोन आला. बोलत नव्हताच तो, नुसता ओरडत होता. अहमदाबादला आरसीबीने पंजाबला ६ धावांनी हरवून आयपीएलचा कप घेतला होता. २००९, २०११, २०१६ अशा तीन फायनल हरून, दरवर्षी ‘ई साला कप नमदे’, म्हणजे यंदा कप आपलाच, असं घोकून. “मम्मी, १८ वर्षं!” दुसऱ्या दिवशी तिथल्या स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण गेले, मग तो ओरडाही आठवायला नको वाटला. पण त्या रात्री मला आठवले ते अण्णा. १८ वर्षं त्यांच्या हिशेबात कुठेच बसत नाहीत.

अण्णा म्हणजे माझे वडील, उदगीरचे. त्यांचा संघ महाराष्ट्र. आपल्यातल्या पुष्कळ जणींना वाटतं, महाराष्ट्राचा संघ म्हणजे मुंबई. तसं नाही. रणजी करंडकात आपल्या शेजारच्या या एका राज्याचे तीन संघ खेळतात: मुंबई, विदर्भ आणि उरलेला सगळा महाराष्ट्र, पुण्याचा. मुंबईने करंडक ४२ वेळा नेला. विदर्भ उशिरा जागा झाला, तरी २०१७-१८ पासून तीनदा. महाराष्ट्राने दोनदा, १९३९-४० आणि १९४०-४१. कप्तान दि. ब. देवधर, पुण्यात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक, दुसऱ्या वेळी पन्नाशीला टेकलेले. त्यानंतर एकदाही नाही.

आता यातली गंमत. १९४१ साली उदगीर महाराष्ट्रात नव्हतंच, कारण तसं राज्यच नव्हतं. उदगीर होतं निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात. तेव्हा आपला म्हणायचा संघ हैदराबादचा, आणि त्याने १९३७-३८ ला करंडक जिंकलेलाही होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी बाजूला गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. मी दिलेली भालकीला. म्हणजे अण्णा जन्मले तो आणि मी नांदले तो जिल्हा मुळात एकच. मधे रेघ आली म्हणून माझं माहेर परराज्यातलं. अण्णा हसून म्हणायचे, “आपण महाराष्ट्रात आलो आणि यांनी जिंकायचं सोडलं. पायगुण कुणाचा, ते तूच ठरव.”

खरं तर हरायची सवय आधीच लागली होती, आणि हरणंही साधंसुधं नाही. मार्च १९४९, पुण्यात मुंबईविरुद्ध उपांत्य सामना. मुंबईने पहिल्या डावात ६५१ केल्या, दुसऱ्यात ७१४. महाराष्ट्राच्या पहिल्या डावात ४०७. जिंकायला ९५९ हव्यात! कुणी शहाणा माणूस बॅट टाकून घरी गेला असता. यांनी ६०४ केल्या आणि ३५४ धावांनी हरले. सामन्यात मिळून २३७६ धावा. हा आकडा अण्णांना आमच्या जन्मतारखांपेक्षा पाठ होता. त्याच मोसमात भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनच्या विक्रमाला नऊ कमी, आणि समोरच्या कप्तानाने पुढे खेळायलाच नकार दिला. निंबाळकरांना कसोटीही कधी मिळाली नाही. जिंकलेल्या संघाच्या माणसाकडे अशा गोष्टी नसतात, असं मला वाटतं. त्याच्याकडे फक्त कप असतो.

१९७०-७१ ची फायनल मुंबईत. गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर सगळे वेस्ट इंडीजला. यंदा नाही तर कधी? ४८ धावांनी हरले. निकाल अण्णांना दुसऱ्या दिवशी पेपरात कळला. १९९२-९३ ला पंजाबकडून हार. तेव्हा मी सासरी नवीन होते. अण्णांचं कार्ड आलं: “फायनल हरलो. तुझ्या आईची तब्येत बरी आहे.” ह्याच क्रमाने.

एकदा चिडून विचारलं, मुंबईचे का नाही होत तुम्ही? म्हणाले, “मुंबई आपल्याला ओळखते का?”

मग आलं २०१४. महाराष्ट्राने वानखेडेवर जाऊन मुंबईला हरवलं. केदार जाधवने त्या मोसमात १२२३ धावा केल्या. फायनल हैदराबादला, समोर कर्नाटक. म्हणजे बापाचं राज्य आणि लेकीचं राज्य, निजामाच्या जुन्या राजधानीत. अण्णा तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशननंतर माझ्याकडेच होते. बिदरहून हैदराबाद दीडशे किलोमीटरसुद्धा नाही, बेंगळुरू जवळपास सातशे. थांबतील कशाला! नातू घेऊन गेला. नातू अर्थात कर्नाटकाचा. शाळेत कन्नड शिकलेला, विनय कुमारच्या नावाने शिट्ट्या मारणारा. आमचे हे म्हणाले, दोघांना एका बसने पाठवू नको. मी डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली, एकच डबा.

राहुलने १३१ काढल्या, गणेश सतीशने ११७. कर्नाटक ७ गड्यांनी जिंकलं.

परत आले तेव्हा दिवस मावळून गेला होता. आमच्याकडे सूर्यास्तानंतर चूल नाही, अण्णांना तर रात्री पाणीही चालत नसे. ताट झाकून ठेवलेलं तसंच राहिलं. पोरगा मात्र दाराबाहेरच घुटमळत होता. जिंकल्याचा आनंद करू की नको, हे त्याला कळत नव्हतं. अण्णांनीच त्याला आत ओढलं, म्हणाले, “ओरड की! तू जिंकलास.” तो ओरडला नाही. मी विचारलं, कसं झालं? अण्णांनी चपला काढल्या, हातपाय धुतले, गादीवर टेकले. “चांगले खेळले गं,” म्हणाले. “सकाळी पोहे कर. आणि पेपर आला की आधी मला दे.”