नवीन पनवेल : नगररचना व नोकरवर्गातील समता यांवर सभागृहाची देखरेख

नवीन पनवेल ही रायगड जिल्ह्यातील, सिडकोने रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंना वसवलेली वसाहत असून सध्या ती पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. शहर कसे वाढवायचे आणि पालिकेच्या नोकऱ्यांत कोणाला किती वाटा द्यायचा, या दोन्ही धोरणांवर निवडून आलेल्या सभागृहाचा अंकुश येथे नेहमीच तोकडा राहिला. नगरसेवकांना दोष देण्याआधी अधिकारांची वाटणी पाहावी लागते.

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. सिडको तिच्याहून शतकभराने धाकटी. १७ मार्च १९७० रोजी कंपनी म्हणून तिची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभारण्याचे काम तिच्याकडे आले. भूखंड पाडणे, विकणे, त्यावर काय बांधायचे ते ठरवणे हे सारे सिडकोच्या हाती. तिचे संचालक मंडळ राज्य शासन नेमते, मतदार नव्हे. १९९२ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला, पण खारघर, कळंबोली, कामोठे या दक्षिणेकडच्या वसाहती तिच्याबाहेरच राहिल्या. गटार तुंबले तर तक्रार सिडकोच्या कार्यालयात, आणि अधिकाऱ्याला जाब विचारायला नगरसेवकच नाही, अशी तिथली स्थिती.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. जुने पनवेल शहर, सिडको वसाहती आणि २९ गावे तीत आली. क्षेत्र सुमारे ११० चौरस किलोमीटर. मूळ प्रस्तावात गावे बरीच जास्त होती. नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी, म्हणजे ‘नैना’साठी, २०१३ पासून सिडकोच विशेष नियोजन प्राधिकरण आहे आणि त्यातली गावे वगळण्यात आली. त्यामुळे नवीन पनवेलला खेटून असलेली विचुंबे, सुकापूर यांसारखी गावे महापालिकेबाहेर राहिली. तिथल्या लोकांची गाडी, बाजार, शाळा नवीन पनवेलमध्ये आणि मत ग्रामपंचायतीला. रस्ता कुठून न्यायचा हे ठरवताना त्यांचे म्हणणे महापालिकेच्या सभागृहात मांडणारे कोणी नसते. हद्द आखणाऱ्यांनी ठेवलेली ही फट कागदावर लहान दिसते, पण पनवेल स्थानकाबाहेर संध्याकाळी उभे राहिले की तिचा आकार कळतो.

महापालिकेची पहिली निवडणूक २४ मे २०१७ रोजी झाली. ७८ पैकी भाजपला ५१ आणि शेतकरी कामगार पक्षाला २३ जागा मिळाल्या. काँग्रेस व राष्ट्रवादीला प्रत्येकी दोन. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत महिलांना निम्म्या जागा राखीव असल्याने ३९ जागा महिलांच्या होत्या. पहिले महापौरपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव होते, त्यावर डॉ. कविता चौतमोल आल्या. सभागृहात समता अशी कायद्याने आली. प्रशासनात ती कितपत उतरली हे विचारण्याची साधने मात्र दुबळी.

पदे निर्माण करण्याचा ठराव सर्वसाधारण सभा करते, पण पदांच्या आकृतिबंधाला मंजुरी राज्याच्या नगरविकास विभागाची. नेमणुका बहुतांशी आयुक्तांच्या अखत्यारीत. मागासवर्गीयांचे आरक्षण २००१ च्या राज्य कायद्याने ठरते. भरतीच्या क्रमातला कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाचा हे बिंदुनामावलीत लिहिलेले असते आणि ती तपासतो विभागीय आयुक्तांचा मागासवर्ग कक्ष, म्हणजे पनवेलसाठी बेलापूरचे कोकण भवन. महिलांचे ३० टक्के आरक्षण समांतर असते, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत मोजले जाते. नगरसेवक प्रश्न विचारू शकतो, माहिती मागू शकतो. बिंदुनामावली बदलू शकत नाही.

आणि ही बिंदुनामावली फक्त मंजूर पदांची. रस्ते झाडणारे, कचरा उचलणारे बहुसंख्य लोक ठेकेदाराचे असले की ते तीत दिसतच नाहीत. समतेचा खरा हिशेब इथेच अडतो. वरच्या खुर्च्यांचे आरक्षण तपासता येते. सफाईचे काम पिढ्यानपिढ्या ठरावीक जातींच्याच वाट्याला का येते, ठेक्यावरच्या बाईला प्रसूतीची रजा मिळते का, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, हे स्थायी समितीपुढे ठेक्याचा दर मंजुरीला येतो तेव्हाच विचारता येते. तिथे चर्चा बहुधा दराचीच होते. लाड–पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगारांच्या वारसांना मिळणाऱ्या नोकरीचा आधारही कायम कामगारांपुरता. विलीन झालेल्या ग्रामपंचायतींचे कर्मचारी सामावून घेण्याचा प्रश्नही पनवेलमध्ये बराच काळ रेंगाळला.

सभागृहाला एक जबरी हत्यार आहे: एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश मतांनी ठराव झाला तर शासनाला आयुक्त परत बोलवावा लागतो. मार्च २०१८ मध्ये आयुक्त सुधाकर शिंदे यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव मंजूर झाला आणि पुढच्या महिन्यात गणेश देशमुख आयुक्त झाले. हत्यार चालले, पण रोजच्या देखरेखीचे ते साधन नव्हे.

नगररचनेत नागरिकांना थेट दार आहे ते हरकती–सूचनांचे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार प्रारूप आराखड्यावरच्या हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. आता या तिघांची गोष्ट पाहा. पहिल्या सभागृहाची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका लांबल्याने आयुक्तच प्रशासक झाले. स्थायी समितीच उरली नाही. विकास आराखड्याचे काम याच काळात पुढे सरकले. २०२३ मध्ये ३७७ पदांच्या भरतीची जाहिरात निघाली तीही याच काळात. शहराची आखणी आणि नोकरवर्गाची घडण ही दोन्ही कामे प्रश्न विचारणारे कोणी नसताना झाली. मालमत्ता कर व सिडकोचे सेवाशुल्क असा दुहेरी भार सोसल्याची वसाहतींची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली. 

साडेतीन वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर १५ जानेवारी २०२६ रोजी महापालिकेसाठी पुन्हा मतदान झाले.